कामावरचा कुत्रा आणि सोबतीचा कुत्रा

मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या मराठी पालकांच्या नजरेस तेथील दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या दारांवरची एक लहानशी पाटी कधी ना कधी पडतेच. पाळीव प्राण्यांना आत मज्जाव आहे, ‘सर्व्हिस ॲनिमल’ला मात्र प्रवेश आहे, अशा अर्थाचा मजकूर तीवर असतो. आत रांगेत एखाद्या गृहस्थांच्या पायांशी जाकीट घातलेला लॅब्रॅडॉर निमूटपणे बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पुढच्या दुकानात एखादी तरुणी तसेच जाकीट घातलेले कुत्रे कडेवर घेऊन येते. व्यवस्थापक तिला अदबीने काहीतरी विचारतो, ती काहीतरी उत्तर देते आणि कुत्र्यासह बाहेर जाते. दोन्ही कुत्री सारखीच शांत, दोघांची जाकिटेही सारखीच. मग एकाला आत जागा आणि दुसऱ्याला बाहेरची वाट का, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो.

या प्रश्नाचे उत्तर जाकिटात नाही. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने पहिला कुत्रा कामावर आहे आणि दुसरा सोबतीला आहे. पहिल्यास ‘सर्व्हिस डॉग’ म्हणतात. अपंगत्वामुळे मालकाला जे जमत नाही, असे एखादे निश्चित काम करण्यास त्याला शिकवलेले असते. दुसऱ्यास ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’, म्हणजे भावनिक आधार देणारा प्राणी, असे नाव आहे. त्याच्या नुसत्या असण्याने मनाला धीर मिळतो. गरज दोघांच्याही मालकांची खरी असू शकते. तरीही सार्वजनिक जागेत प्राण्यासह शिरण्याचा हक्क पहिल्याच्याच मालकाला आहे. ही रेषा का आखली गेली आणि ती पुसट झाली तेव्हा तिची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासारखे आहे.

नॅशव्हिलचा विमा-विक्रेता

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डनबर्ग येथे १९१६ मध्ये डॉ. गेर्हार्ड श्टालिंग यांनी मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा काढली. पुढे जर्मनीतील हे काम डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाईंच्या पाहण्यात आले. त्या स्वतः स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड जातीची कुत्री तयार करीत असत. आपण जे पाहिले त्याविषयी त्यांनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात एक लेख लिहिला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या एका अंध तरुणाला तो लेख त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला.

फ्रँक विमा विकत असे. त्यासाठी त्याला पैसे देऊन कोणाचा तरी हात धरून हिंडावे लागे, आणि भाड्याने घेतलेला हात आपल्या सोयीने येतो व आपल्या सोयीने जातो, हे त्याला पुरते कळले होते. त्याने यूस्टिस बाईंना पत्र लिहिले, १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये बातमीदारांसमोर त्याने वेस्ट स्ट्रीट हा वाहनांनी गजबजलेला रुंद रस्ता बडीच्या भरवशावर ओलांडून दाखवला. त्यानंतर त्याने यूस्टिस बाईंना तार केली. तीत एकच शब्द होता : यश.

२९ जानेवारी १९२९ रोजी या दोघांच्या पुढाकाराने ‘द सीइंग आय’ ही संस्था नॅशव्हिलमध्ये स्थापन झाली. आज ती मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सी राज्यात, मॉरिसटाऊन येथे आहे. बँकेच्या वाचकांना तिच्या हिशेबातील एक बाब विशेष वाटेल. एक कुत्रा तयार करण्यास हजारो डॉलर खर्च येतो. परंतु संस्था पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर, नंतरच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५० डॉलर आणि माजी सैनिकांकडून अवघा १ डॉलर घेत आली आहे. १९३० च्या दशकापासून हे दर वाढलेले नाहीत. खर्चाच्या मानाने ही रक्कम नाममात्र आहे. पण ती घेतली जाते ती मुद्दाम. कुत्रा दानात मिळालेला नसून आपण तो मोल देऊन घेतला आहे, ही भावना अंध व्यक्तीच्या मनात राहावी, हा त्यामागचा हेतू.

बडीसारख्या कुत्र्याला हुकूम पाळण्यास शिकवतात, तसेच योग्य वेळी हुकूम मोडण्यासही शिकवतात. मालकाने ‘पुढे चल’ म्हटले आणि समोरून मोटार येत असेल, तर कुत्रा जागचा हलत नाही. लहानपणापासून अंगी बाणलेली आज्ञाधारकता ऐनवेळी बाजूला ठेवणे हे माणसालाही सहज साधत नाही. कुत्र्याच्या शिक्षणात ते सर्वांत अवघड मानले जाते, यात नवल नाही.

रस्ता ओलांडणे अशा रीतीने साधले. दार ओलांडण्यास मात्र कितीतरी अधिक काळ लागला. १९२८ मध्ये फ्रँक आगगाडीत चढला की बडीला डब्यात नेता येणार नाही, असे त्याला सर्रास सांगितले जाई. तो गावोगाव हिंडला, उपाहारगृहांपासून रेल्वेच्या अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांशी भांडला. १९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्याला मालकासोबत डब्यात राहू देण्याचे धोरण स्वीकारले, आणि १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात अंध व्यक्तीला अशा कुत्र्यासह सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा हक्क देणारा कायदा झाला. हा हक्क कोणी सहज देऊ केलेला नव्हता, हे पुढचे सर्व वाचताना ध्यानात ठेवावे.

दोनच प्रश्न

२६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी दिव्यांग अमेरिकन नागरिकांविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यात ज्या सार्वजनिक सेवास्थानांची यादी आहे, तीत बँकेचा उल्लेख नावानिशी आहे. कपडे धुण्याच्या दुकानानंतर आणि न्हाव्याच्या दुकानाआधी, अशा काहीशा गमतीदार जागी तो येतो. याचा अर्थ असा की, तेथील बँकेच्या काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्याला हे नियम ठाऊक असणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

या कायद्याखालील सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून अमलात आले. त्यांनुसार सेवा-प्राणी म्हणजे कुत्राच. अपवाद फक्त एका प्राण्याचा : ठेंगण्या जातीचा घोडा. साधारण २४ ते ३४ इंच उंचीचा हा घोडा शिकवलेला असेल आणि जागेत मावत असेल, तर त्यालाही वाजवी मर्यादेत येऊ द्यावे, अशी स्वतंत्र तरतूद आहे. वाचताना हसू येते खरे. परंतु ज्यांना कुत्रा वर्ज्य आहे किंवा सोसत नाही, अशांसाठी दीर्घायुषी घोडा हा गंभीर पर्याय ठरतो.

कुत्र्याचे काम डोळ्यांना दिसत नसेल, तर कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय? आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? यापलीकडे विचारण्यास मुभा नाही. आजार कोणता, डॉक्टरांचे पत्र कोठे आहे, कुत्र्याचे ओळखपत्र दाखवा, त्याला आत्ता ते काम करून दाखवायला सांगा, यांपैकी काहीही म्हणता येत नाही. कायद्याने नोंदणी ठेवलेली नाही, जाकिटाची सक्ती नाही, आणि कुत्रा एखाद्या संस्थेतच शिकलेला असावा अशीही अट नाही. मालकाने तो घरी शिकवला तरी चालतो. कुत्र्यासाठी जादा आकार घेता येत नाही. शेजारच्या ग्राहकाला कुत्र्याची भीती वाटते किंवा केसांची ॲलर्जी आहे, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होत नाही. अशा वेळी दोघांनाही वेगवेगळ्या जागी बसवून दोघांचेही काम करावयाचे असते.

दुकानदार अगदीच निराधार आहे, असे मात्र नाही. कुत्रा मालकाच्या ताब्यात नसेल आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्याला स्वच्छतेची सवय नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. तेव्हाही त्या व्यक्तीला कुत्र्याविना सेवा देऊ करावीच लागते. शस्त्रक्रियेच्या खोलीत किंवा भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात कुत्र्याला नेता येत नाही, हे ओघानेच आले.

कागद न मागता शब्दावर विश्वास ठेवण्याची ही रीत पाहून कागदपत्रांच्या जगात वावरणाऱ्या आपल्या कर्मचारी बंधू-भगिनींना आश्चर्य वाटेल. परंतु चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या ग्राहकाकडे आपण खुर्चीचा दाखला मागत नाही. प्रत्येक दारात थांबून आपले दुखणे परक्या माणसापुढे सिद्ध करावे लागले, तर बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहील. म्हणून या कायद्याने दिव्यांग व्यक्तीचा शब्द हीच तिची पत मानली आहे. पतीवर चालणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला जो धोका असतो, तो येथेही आहेच.

मदतनीस माणूस दिला आहे, मग कुत्र्याची गरज काय, असा युक्तिवादही पुष्कळदा केला जातो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मिशिगन राज्यातील एका लहान मुलीच्या बाबतीत हेच घडले. दार उघडणे, पडलेली वस्तू उचलून देणे, कोट काढण्यास मदत करणे, अशी कामे तिचा ‘वंडर’ नावाचा कुत्रा करीत असे. परंतु तिच्यासाठी मदतनीस नेमलेला आहे, या कारणास्तव २००९ मध्ये शाळेने कुत्र्याला प्रवेश नाकारला. हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने एकमताने शाळेचा विजय ठरवणारा खालचा निर्णय रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. अशी तक्रार शिक्षणाविषयी आहे की भेदभावाविषयी, हे ओळखण्यासाठी न्यायमूर्ती एलेना कागन यांनी एक सोपी कसोटी सांगितली : शाळेऐवजी ती जागा सार्वजनिक ग्रंथालय असते, तर हीच तक्रार करता आली असती काय? पायऱ्यांशेजारी उतरण नसल्याची तक्रार ग्रंथालयाविरुद्धही करता येते. गणित नीट शिकवत नाहीत ही तक्रार तेथे करता येत नाही.

असणे आणि करणे

मनाच्या आजारासाठी कुत्रा बाळगणाऱ्यांना या कायद्यात स्थानच नाही, असा गैरसमज अमेरिकेतही आढळतो. तो चुकीचा आहे. रेषा शरीर आणि मन यांच्यामध्ये आखलेली नसून असणे आणि करणे यांच्यामध्ये आखलेली आहे. एखाद्या व्यक्तीला अचानक तीव्र भीतीचा झटका येतो. तो येणार हे आधीच ओळखून झटका टळावा किंवा सौम्य व्हावा यासाठी ठरावीक कृती करण्यास कुत्र्याला शिकवले असेल, तर तो सेवा-श्वान होय. तोच कुत्रा जवळ बसल्याने नुसते बरे वाटत असेल, तर नव्हे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला भयंकर स्वप्नातून जागे करणारा कुत्रा मार्गदर्शक कुत्र्याच्याच बरोबरीचा आहे. अशा माजी सैनिकांना कुत्री शिकवण्याच्या उपक्रमातून लाभ व्हावा म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत खास कायदा झाला आणि पाच वर्षांचा पथदर्शी कार्यक्रम हाती घेण्यात आला.

याचा अर्थ नुसत्या सोबतीला मोल नाही, असा नव्हे. न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एकदा एक अबोल, मिटून गेलेला मुलगा ठरल्या वेळेआधीच आला. डॉक्टरांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा त्या वेळी खोलीतच होता. जे माणसांना जमले नव्हते ते त्याने केले. मुलगा त्याच्याशी खेळू लागला. उपचारातील हा चार पायांचा सहकारी डॉक्टरांना इतका मोलाचा वाटला, की १९६२ मध्ये त्यांनी त्याविषयी शोधनिबंधच लिहिला. एकाकी वृद्ध, नैराश्याने ग्रासलेले विद्यार्थी, कुटुंबापासून दूर राहणारे तरुण यांना घरातले मांजर किंवा कुत्रे किती सावरते, हे ज्याने प्राणी पाळला आहे त्याला सांगावे लागत नाही.

हे अमेरिकन कायद्यानेही ओळखले आहे. मात्र त्याने त्यासाठी जागा नेमली आहे ती घराची. घरांबाबतच्या १९६८ च्या कायद्यात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग व्यक्तीला राहत्या घरासाठी वाजवी सवलत मागता येते. ‘प्राणी पाळू नयेत’ असा नियम असलेल्या इमारतीतही भावनिक आधाराचा प्राणी ठेवू देण्याची मागणी या तरतुदीखाली करता येते. अपंगत्व दिसण्यासारखे नसेल, तर घरमालकाला विश्वासार्ह कागद मागता येतो. म्हणजे दुकानाच्या दारात कागद मागता येत नाही आणि घराच्या दारात मागता येतो, असा हा उलटा मामला आहे. पण तो विचारपूर्वक केलेला आहे. घर वर्षानुवर्षांचे असते आणि तेथे कागद एकदाच दाखवावा लागतो; दुकानाचे दार दिवसातून दहा वेळा ओलांडावे लागते.

येथे आपल्याला महाप्रस्थानिक पर्वातील धर्मराज आठवल्याखेरीज राहत नाही. सोबत आलेल्या कुत्र्याला रथात जागा नसेल तर मला स्वर्ग नको, असे त्याने इंद्राला बजावले. धर्मराजाची बाजू घेण्यात आपल्या अनेक पिढ्या गेल्या. परंतु त्या कुत्र्याला कोणतेही काम शिकवलेले नव्हते. तो केवळ निष्ठेने मागोमाग आला होता. अमेरिकन नियमांची पोथी उघडली, तर निकाल इंद्राच्या बाजूने लागेल, हे कबूल करणे भाग आहे.

विमानातील मोर

ही रेषा सर्वाधिक पुसट झाली ती विमानात. विमानप्रवासासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालील पूर्वीच्या नियमांनुसार मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाचे पत्र असेल, तर भावनिक आधाराचा प्राणीही प्रवाशाजवळ विनामूल्य नेता येई. पाळीव कुत्र्याला मात्र भाडे पडे. इतके सांगितल्यावर पुढे काय झाले असेल, ते व्यवहार जाणणाऱ्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. न पाहिलेल्या रुग्णाला पैसे घेऊन घरबसल्या पत्र देणारे निघाले, प्रमाणपत्रे आणि जाकिटे विकणारे निघाले. तेथील विमान कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये असे ४,८१,००० प्राणी विमानातून गेले. २०१७ मध्ये हा आकडा ७,५१,००० वर पोहोचला. जानेवारी २०१८ मध्ये न्यूआर्क विमानतळावर एका प्रवाशाने चक्क मोर आणला. त्यासाठी वेगळे तिकीटही काढलेले होते. कंपनीने त्याला नकार दिला आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली.

जग हसले, पण रोज प्रवास करणाऱ्या अंध व्यक्तीला हसू येण्याजोगे त्यात काही नव्हते. ज्या कुत्र्याला गर्दीची, आवाजाची, बंदिस्त जागेची सवय नाही, असे घरचे कुत्रे विमानात भुंकते, अंगावर जाते, क्वचित चावते. सेवा-श्वानावर असा एकच हल्ला झाला, तरी पुढे दुसरे कुत्रे दिसताच तो बिचकू लागतो आणि पुष्कळ महिन्यांचे शिक्षण वाया जाते. मालकाचे डोळे त्या दिवशी दुसऱ्यांदा जातात. शिवाय चार खोट्या जाकिटांनी पोळलेला व्यवस्थापक पाचव्या, खऱ्या जाकिटाकडेही संशयानेच पाहतो.

अखेर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने नवा नियम जाहीर केला आणि तो ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. विमानातही सेवा-प्राणी म्हणजे शिकवलेला कुत्राच, असे ठरले. मानसिक आजारासाठी काम करणाऱ्या कुत्र्यांना इतर सेवा-श्वानांच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले गेले, आणि भावनिक आधाराच्या प्राण्यांना सेवा-प्राणी म्हणून नेण्याचे बंधन कंपन्यांवर राहिले नाही. त्याचबरोबर सेवा-श्वानाचे आरोग्य, वागणूक आणि शिक्षण यांबद्दलचा छापील नमुना भरून मागण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. आठ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासासाठी आणखी एक नमुना. अंध व्यक्तींच्या संघटनांचा आक्षेप नेमका यालाच होता, आणि तो रास्त म्हटला पाहिजे. लबाडी केली इतरांनी. कागद भरावा लागला तो ज्याने कधी लबाडी केली नव्हती त्याला. बुडीत कर्जांमुळे प्रामाणिक कर्जदाराकडून जादा कागदपत्रे मागण्याची पाळी येते, त्यातलाच हा प्रकार.

आता दुकाने आणि बँकांच्या दारातही सरकारी ओळखपत्राची सक्ती करावी, अशी मागणी तेथे अधूनमधून होत असते. वरवर ती सोयीची वाटते. परंतु ओळखपत्र देणार कोण, त्यासाठी दूरच्या गावातील अंध माणसाने किती खेटे घालायचे, घरी शिकवलेल्या कुत्र्याची परीक्षा घेणार कोण, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे कोणी दिलेली नाहीत. खरा माणूस कागदासाठी अडून राहील आणि खोटे कागद छापणाऱ्यांना नवा धंदा मिळेल, ही भीती अनाठायी नाही. विमानाच्या बाबतीत पत्राची अट होतीच. तिने लबाडी थांबली नाही, उलट पत्रांचाच बाजार भरला.

म्हणून अनेक राज्यांनी दिव्यांग व्यक्तीला न छेडता तोतयेगिरीलाच दंड करण्याचा मार्ग धरला. फ्लोरिडाने जुलै २०१५ पासून खोट्या सेवा-श्वानासाठी ५०० डॉलरपर्यंत दंड व ६० दिवसांपर्यंत कैद ठेवली, आणि शिवाय दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत ३० तास सेवा करण्याची शिक्षाही. या शिक्षेतील शेवटचा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मात्र दारात दोनच प्रश्न विचारता येत असल्याने असा गुन्हा सिद्ध करणे सोपे नसते, हेही खरे.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून आणखी एक पाऊल टाकले आणि घेणाऱ्याऐवजी विकणाऱ्याला धरले. भावनिक आधाराच्या कुत्र्याविषयी पत्र देण्यापूर्वी संबंधित तज्ज्ञाचा त्या व्यक्तीशी किमान ३० दिवसांचा रुग्ण-संबंध असला पाहिजे आणि त्याने तिची तपासणी केलेली असली पाहिजे. असा कुत्रा विकणाऱ्याने, तसेच त्याच्यासाठी प्रमाणपत्र, बिल्ला किंवा जाकीट विकणाऱ्याने, यामुळे सेवा-श्वानाचे हक्क मिळत नाहीत, अशी लेखी सूचना ग्राहकाला द्यावयाची आहे. ती किमान १२ पॉइंटच्या ठळक टायपात असली पाहिजे, हेही कायद्यातच लिहिले आहे. बारीक अक्षरांत काय काय लपते, हे त्या राज्याच्या विधिमंडळाला चांगलेच ठाऊक असावे. नियम मोडल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलर, दुसऱ्या वेळी १,००० डॉलर आणि त्यापुढे प्रत्येक वेळी २,५०० डॉलर दंड आहे.